आंतरराष्ट्रीय राजकारण विभाग, ॲबरिस्टविथ विद्यापीठ

ॲबरिस्टविथ विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय राजकारण विभाग हा या विषयासाठी स्वतंत्रपणे स्थापन झालेला जगातील पहिला विद्यापीठीय विभाग मानला जातो. ब्रिटनमधील वेल्स या घटक देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ॲबरिस्टविथ या लहानशा गावी १९१९ मध्ये त्याची स्थापना झाली. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या विद्यार्थ्यांचे स्मारक म्हणून मिळालेल्या देणगीतून तो उभा राहिला. येथे पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण दिले जाते. संशोधनाबरोबरच विद्यार्थ्यांसाठीचे निवासी ‘क्रायसिस गेम्स’, संसदेतील उमेदवारी, विद्यार्थ्यांनी चालवलेले नियतकालिक आणि स्मृतिव्याख्याने यांसाठी हा विभाग प्रसिद्ध आहे.

स्थान

वेल्श भाषेत ‘अबेर’ म्हणजे नदीचे मुख. अस्टविथ नदीच्या मुखाशी वसलेले ते ॲबरिस्टविथ. गाव रेल्वेमार्गाच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे आणि लंडनहून तेथे पोचायला चार ते पाच तास लागतात. येथील महाविद्यालय १८७२ मध्ये सुरू झाले. त्याची पहिली इमारत मुळात पर्यटकांसाठी बांधायला घेतलेले हॉटेल होते. मालकाचे दिवाळे निघाल्यावर ते स्वस्तात विकले गेले आणि त्यात वर्ग भरू लागले. महाविद्यालय चालवण्यासाठी वेल्समधील खाणकामगार, शेतकरी व चर्चमधील सामान्य लोकांनी पेनी-पेनी गोळा करून पैसा पुरवला. जागतिक राजकारणाचा पहिला विभाग लंडन, पॅरिस वा न्यूयॉर्क येथे न निघता अशा आडबाजूच्या ठिकाणी निघाला, याचे आश्चर्य अनेकांना वाटते. त्याचे कारण त्या गावात नसून एका घराण्यात आहे.

स्थापना

डेव्हिड डेव्हिस (१८८०–१९४४) हे वेल्समधील कोळसा व रेल्वे उद्योगातील एका धनाढ्य घराण्याचे वारस. १९०६ ते १९२९ या काळात ते ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये एका पलटणीचे नेतृत्व केले व खंदकांतील संहार प्रत्यक्ष पाहिला. काही काळ ते लॉइड जॉर्ज यांचे संसदीय सचिवही होते. पुन्हा असे युद्ध होऊ नये, यासाठी राष्ट्रांच्या वर एखादी न्यायसंस्था आणि तिच्या निर्णयांची अंमलबजावणी करणारे आंतरराष्ट्रीय दल हवे, हा विचार त्यांनी जन्मभर धरून ठेवला. डेव्हिस आणि त्यांच्या भगिनी ग्वेंडोलिन व मार्गारेट यांनी महाविद्यालयाला २०,००० पौंडांची देणगी दिली. युद्धात मरण पावलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ एक अध्यासन स्थापावे आणि राष्ट्रसंघाच्या कल्पनेतून उद्भवणाऱ्या कायदा, राजकारण, नीती व अर्थव्यवहार यांविषयीच्या प्रश्नांचा तेथे अभ्यास व्हावा, असा देणगीचा हेतू होता. १९२२ मध्ये या अध्यासनाला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव देण्यात आले.

गावोगावी दगडी स्मारके उभी राहत असताना मृत विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचा विषयच उभा करावा, ही कल्पना असामान्य होती. मात्र तिच्या पोटात एक अडचणही होती. देणगी शांततेसाठी होती आणि अध्यासन ज्ञानासाठी. ही दोन्ही एकच आहेत, असे देणगीदारांनी गृहीत धरले होते. त्यांचा हा समज फार काळ टिकला नाही.

झिमर्न ते कार

पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न हे ग्रीक इतिहासाचे अभ्यासक. युद्धकाळात परराष्ट्र खात्यात काम करताना राष्ट्रसंघाच्या योजनेच्या आखणीत त्यांचा सहभाग होता. खासगी आयुष्यातील एका प्रकरणामुळे १९२१ मध्ये त्यांना ॲबरिस्टविथ सोडावे लागले. १९३० मध्ये ऑक्सफर्डला अशाच विषयाचे अध्यासन निर्माण झाले, तेव्हा त्याचेही पहिले प्राध्यापक झिमर्नच झाले. त्यांच्यानंतर आलेले चार्ल्स वेब्स्टर (१९२२–३२) हे राजनयाच्या इतिहासातील मोठे नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या वाटाघाटींत ब्रिटिश शिष्टमंडळाचे सल्लागार म्हणून त्यांनी काम केले.

विभागाच्या इतिहासातील खरा संघर्ष १९३६ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी विल्सन अध्यासनावर एडवर्ड हॅलेट कार यांची नेमणूक झाली. कार वीस वर्षे परराष्ट्र खात्यात होते. राष्ट्रसंघावरचा त्यांचा विश्वास तोवर उडालेला होता. डेव्हिस यांचा या नेमणुकीला विरोध होता, पण निवड त्यांच्या मनासारखी झाली नाही. मग ज्या अध्यासनाचा जन्म राष्ट्रसंघाच्या आशेतून झाला, त्यावर बसूनच कार यांनी ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ हा ग्रंथ लिहिला. तो १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध पेटत असतानाच प्रसिद्ध झाला. जे असायला हवे त्याच्या मोहात पडून जे आहे त्याकडे डोळेझाक करणे, हा दोन युद्धांमधील विचारवंतांचा दोष होता, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर्व राष्ट्रांचे हित मुळात एकच असते असे सांगणारे लोक बहुधा बलवान राष्ट्रांचेच हित सांगत असतात, ही त्यांची मांडणी आजही वाचकाला अस्वस्थ करते.

१९४१ ते १९४६ या काळात कार लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राचे सहायक संपादकही होते. सोव्हिएत रशियाविषयी सहानुभूती दाखवणाऱ्या त्यांच्या अग्रलेखांनी खळबळ माजवली. त्यांना अध्यासनावरून दूर करावे असा प्रयत्न डेव्हिस यांनी केला, पण महाविद्यालय बधले नाही. देणगी देणाऱ्याला प्राध्यापकाची मते ठरवण्याचा अधिकार नाही, हे तत्त्व एका लहान, पैशाची चणचण असलेल्या संस्थेने त्या काळात पाळले. विभागाच्या इतिहासातील ही सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. कार यांचे सर्वच म्हणणे बरोबर होते, असा याचा अर्थ नाही. पहिल्या आवृत्तीत त्यांनी म्युनिक कराराचे समर्थन केले होते; १९४६ च्या दुसऱ्या आवृत्तीतून त्यातील काही वाक्ये गाळली गेली. स्वातंत्र्यात चुकण्याचे स्वातंत्र्यही येते. कार १९४७ मध्ये पायउतार झाले, तेही झिमर्न यांच्याप्रमाणेच, ग्रंथांमुळे नव्हे तर खासगी कारणांमुळे.

आज विभागात विल्सन यांच्या नावाचे अध्यासन आहे आणि कार यांच्या नावाचेही. एकमेकांशी कधीच न पटलेले हे दोन विचार एकाच छपराखाली नांदतात.

शीतयुद्ध आणि नंतर

१९६० च्या दशकापासून विभागाचा भर सामरिक अभ्यासावर राहिला. अण्वस्त्रे, प्रतिरोध, मर्यादित युद्ध हे त्या काळाचे विषय. जॉन बेलिस, केन बूथ, जॉन गार्नेट व फिल विल्यम्स यांचे ‘काँटेंपररी स्ट्रॅटेजी’ (१९७५) हे पाठ्यपुस्तक याच प्रवाहातले. बूथ यांनी ‘स्ट्रॅटेजी अँड एथ्नोसेंट्रिझम’ (१९७९) या ग्रंथात सामरिक तज्ज्ञांच्याच एका आंधळेपणावर बोट ठेवले. शत्रू आपल्यासारखाच विचार करतो असे मानणे किंवा तो विचारच करत नाही असे मानणे, या दोन्ही चुका स्वतःच्या संस्कृतीच्या चष्म्यातून जग पाहिल्याने होतात, असे त्यांनी दाखवले. पुढे बूथ आणि रिचर्ड विन जोन्स यांनी सुरक्षेची व्याख्याच बदलावी असा आग्रह धरला. सुरक्षा कोणाची, राज्याची की माणसाची? ज्या राज्याच्या सीमा सुरक्षित आहेत, पण ज्यातील माणसे भुकेने, छळाने वा भीतीने ग्रासलेली आहेत, त्याला सुरक्षित म्हणावे का? या विचारप्रवाहाला सुरक्षा अभ्यासातील ‘वेल्श संप्रदाय’ असे नाव पडले. जेनी एडकिन्स यांनी दुष्काळाकडे निसर्गाचा कोप म्हणून न पाहता राजकीय घटना म्हणून पाहावे असे मांडले, तेही येथेच. गुप्तवार्ता आणि सार्वजनिक आरोग्य हे विषयही पुढे संशोधनात आले.

जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत विभागाचे नाव पोचले ते मात्र एका पाठ्यपुस्तकामुळे. बेलिस व स्टीव्ह स्मिथ यांनी संपादित केलेले ‘द ग्लोबलायझेशन ऑफ वर्ल्ड पॉलिटिक्स’ १९९७ मध्ये निघाले. त्याच्या पहिल्या आवृत्तीतील बरेचसे लेखक याच विभागातले होते. त्यानंतर त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या, आणि भारतातील विद्यापीठांच्या वाचनयाद्यांतही ते दिसते.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

क्रायसिस गेम्स

विभागाचा सर्वांत गाजलेला उपक्रम म्हणजे दरवर्षी होणारे ‘क्रायसिस गेम्स’, म्हणजे पेचप्रसंगाचा खेळ. पदवीच्या सर्व वर्षांचे आणि पदव्युत्तर विद्यार्थी काही दिवस विद्यापीठाबाहेर एकत्र राहतात. त्यांचे गट पाडले जातात. कोणी एखाद्या देशाचे सरकार होते, कोणी आंतरराष्ट्रीय संघटना, कोणी वृत्तसंस्था. शिक्षकांचा नियंत्रक गट एक काल्पनिक पण शक्यतेच्या कोटीतील पेच पुढे टाकतो. मग एकेका गटाचे निर्णय इतरांवर आदळू लागतात आणि परिस्थिती कोणाच्याच हातात राहत नाही.

अशा खेळांना शैक्षणिक इतिहास आहे. अमेरिकेतील रँड या संस्थेत १९५० च्या दशकात हर्बर्ट गोल्डहॅमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘राजकीय खेळ’ आखले. त्याच सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरल्ड गेट्झकॉव्ह यांनी काल्पनिक राष्ट्रांचे अभिरूप तयार केले. भारतातील महाविद्यालयांत आता लोकप्रिय असलेली ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ ही स्पर्धा त्याच कुळातली, पण तिच्यात आणि क्रायसिस गेममध्ये महत्त्वाचा फरक आहे. मॉडेल युनायटेड नेशन्समध्ये विषय आधी कळतो, भाषण तयार करता येते, आणि उत्तम वक्त्याला बक्षीस मिळते. क्रायसिस गेममध्ये वक्तृत्वाचा फारसा उपयोग होत नाही. अपुरी माहिती, कमी वेळ, दमलेली माणसे आणि आपल्याच गटातील मतभेद यांतून निर्णय घ्यावा लागतो.

याचे महत्त्व एका खऱ्या प्रसंगावरून कळते. ऑक्टोबर १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात ख्रुश्चेव्ह यांनी केनेडींना पाठवलेले एक निर्णायक पत्र मॉस्कोहून वॉशिंग्टनला पोचून त्याचा अनुवाद होईपर्यंत कित्येक तास गेले. त्याचे उत्तर ठरण्याआधीच अधिक कठोर अटींचे दुसरे पत्र आले. अण्वस्त्रधारी दोन सत्ता तारेच्या दिरंगाईवर अवलंबून होत्या. या अनुभवातूनच पुढल्या वर्षी दोन्ही राजधान्यांमध्ये थेट संपर्काची सोय झाली. पुस्तकात हा प्रसंग वाचणारा विद्यार्थी केनेडी शहाणे की ख्रुश्चेव्ह शहाणे यावर वाद घालतो. खेळात स्वतःच उशिरा आलेल्या निरोपाच्या आधारे चुकीची कृती करून बसला, म्हणजे शहाणपणालाही वेळ लागतो आणि तो वेळ मिळेलच असे नाही, हे त्याला उमगते. अशा खेळांवर एक आक्षेपही घेतला जातो. त्यात बॉम्ब पडला तरी कोणी मरत नाही, त्यामुळे विद्यार्थी खऱ्या सरकारांपेक्षा बेफिकिरीने वागू शकतात. म्हणून अशा खेळानंतरची चर्चा खेळाइतकीच महत्त्वाची असते. आपण तसे का वागलो याचा हिशेब द्यायला लागला, तरच खेळ शिक्षण ठरतो.

संसदेतील उमेदवारी

विभागाच्या योजनेनुसार निवडक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात काम करतात. हे काम लंडनमधील ब्रिटिश संसदेत किंवा कार्डिफ येथील वेल्सच्या संसदेत, म्हणजे ‘सेनेद’मध्ये असते. अशा उमेदवारीत मतदारांच्या पत्रांची उत्तरे तयार करणे, समितीच्या बैठकीसाठी टिपणे काढणे, आकडे पडताळणे अशी कामे वाट्याला येतात. वरकरणी ती किरकोळ वाटतात. परंतु घरभाडे, बसची फेरी, रुग्णालयातील प्रतीक्षायादी यांविषयीच्या पत्रांचा गठ्ठा चाळल्यावर राज्यसंस्था या शब्दाला माणसांचे चेहरे मिळतात.

सेनेद ही तुलनेने नवी संस्था आहे. १९९७ च्या सार्वमतात वेल्सला स्वतःची विधानसभा असावी असा कौल मिळाला, तोही सात हजारांपेक्षा कमी मतांच्या आघाडीने. सभागृह १९९९ मध्ये सुरू झाले, २०२० मध्ये त्याला सेनेद हे नाव अधिकृतपणे मिळाले, आणि २०२१ च्या निवडणुकीत १६ वर्षांच्या तरुणांनी प्रथमच मतदान केले. २०२४ च्या कायद्याने सदस्यसंख्या ६० वरून ९६ करण्याचे ठरले. एखादी संसद कशी घडत जाते, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला शेजारीच पाहायला मिळावे, हा योग दुर्मीळच. विभागातील वेल्श राजकारण संस्थेने या बदलांचा सातत्याने अभ्यास केला आहे.

ब्रिटनमध्ये विनावेतन उमेदवारीचा प्रश्न वादग्रस्त आहे. राजधानीत राहण्याचा खर्च घरून उचलू शकणारी मुलेच ती करू शकतात आणि पुढे राजकारणात त्यांचाच शिरकाव होतो. म्हणूनच संसदीय उमेदवारीच्या कोणत्याही योजनेत विद्यार्थ्याने प्रथम विचारावा असा प्रश्न तिच्या प्रतिष्ठेचा नसून, राहण्या-प्रवासाचा खर्च कोण देणार, हा आहे.

नियतकालिके, व्याख्याने, संमेलने

‘इंटरस्टेट’ हे आंतरराष्ट्रीय घडामोडींना वाहिलेले नियतकालिक विभागातील विद्यार्थी १९६५ पासून चालवत आले आहेत. दर काही वर्षांनी संपादक मंडळ पदवी घेऊन निघून जाते आणि नव्या मुलांच्या हाती काम येते. अशा स्थितीत एखादे नियतकालिक टिकणे किती अवघड असते, हे महाविद्यालयीन वार्षिकांक काढणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. दुसऱ्याचा लेख वाचून तो सुधारायला सांगणे आणि आपला लेख परत आला तर तो पुन्हा लिहिणे, ही विद्या वर्गात शिकवता येत नाही.

कार यांच्या नावाची स्मृतिव्याख्यानमाला १९८४ मध्ये विल्यम फॉक्स यांच्या व्याख्यानाने सुरू झाली. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठाचे जॉन मियरशायमर व्याख्यानासाठी आले. आपल्या यजमानांना खूश करण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ब्रिटनमधील आंतरराष्ट्रीय राजकारणाचे प्राध्यापक आदर्शवादात बुडाले असून कार यांचा वारसा ते विसरले आहेत, असा थेट आरोप त्यांनी केला. व्याख्यान पुढे ‘इंटरनॅशनल रिलेशन्स’ या नियतकालिकात छापले गेले आणि त्याला अनेक अभ्यासकांची लेखी उत्तरेही आली. पाहुण्याने घरी येऊन भांडावे आणि भांडण छापून जगापुढे ठेवावे, यापेक्षा चांगले स्मारक कार यांना मिळाले नसते. डेव्हिस यांच्या नावाची स्मारक संस्था १९५१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली होती. ती २००२ मध्ये ॲबरिस्टविथला आली.

डेव्हिस भगिनींचे ग्रेगिनॉग येथील घर त्यांनी वेल्स विद्यापीठाच्या हवाली केले. तेथे विभागाची निवासी संमेलने भरत आली आहेत. या भगिनींनी जमवलेली फ्रेंच चित्रकारांची अमूल्य चित्रे मात्र कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. गावातच असलेले वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय विद्यापीठाच्या लगत असल्याने संशोधकांची मोठी सोय होते. ब्रिटनमध्ये छापलेल्या ग्रंथांच्या प्रती मागवून घेण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्या मोजक्या ग्रंथालयांपैकी ते एक आहे.

परदेशातील सत्र

पदवीच्या काळात एक सत्र किंवा वर्ष परदेशी विद्यापीठात घालवण्याची सोय आहे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने इरास्मस ही युरोपीय देवाणघेवाण योजना सोडली आणि २०२१ पासून स्वतःची ट्युरिंग योजना सुरू केली. परंतु ट्युरिंग योजना केवळ बाहेर जाणाऱ्यांसाठी होती. येणाऱ्यांना तीत स्थान नव्हते. वेल्सच्या सरकारने २०२२ मध्ये ‘ताइथ’ ही वेगळी योजना काढून दोन्ही बाजूंच्या प्रवासाला मदत देऊ केली. ताइथ म्हणजे प्रवास.

वेल्श भाषेतून अध्यापन

विभागात काही विषय वेल्श भाषेतूनही शिकता येतात. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्श बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे वेल्सच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के होती. ॲबरिस्टविथ ज्या केरेडिजियन परगण्यात आहे तेथे हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास होते. उच्च शिक्षण वेल्शमधून मिळावे यासाठी २०११ मध्ये राष्ट्रीय वेल्श महाविद्यालयाची स्थापना झाली. त्याला स्वतःची इमारत वा वर्ग नाहीत. निरनिराळ्या विद्यापीठांतील अध्यापकपदांना आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना ते पैसा पुरवते.

मराठी वाचकाला येथे थांबून विचार करावासा वाटेल. मराठी बोलणाऱ्यांची संख्या वेल्श भाषकांच्या दीडशेपटीहून अधिक आहे. राज्यशास्त्राचे परिभाषाकोश मराठीत आहेत, मराठी माध्यमातून पदवी घेणारे विद्यार्थीही हजारोंनी आहेत. तरीही आंतरराष्ट्रीय राजकारणावरील ताजे संशोधन मराठीतून वाचायला मिळणे अवघडच. वेल्शच्या पाठीशी संख्या नाही, पण व्यवहार आहे. सेनेदचे कायदे इंग्रजी व वेल्श अशा दोन्ही भाषांत होतात, सभागृहात वेल्शमधून बोलता येते, आणि म्हणून त्या भाषेत राजकारणाची परिभाषा जाणणाऱ्या पदवीधराला प्रत्यक्ष काम मिळते. परिभाषा कोशात तयार होते खरी, पण ती रुळते कचेरीत.

‘१९१९’ या कथेची चिकित्सा

आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास महायुद्धाच्या दुःखातून, शांततेच्या ओढीने १९१९ मध्ये ॲबरिस्टविथला जन्मला, ही कथा विषयाच्या पाठ्यपुस्तकांत अनेक पिढ्या सांगितली गेली. अलीकडच्या अभ्यासकांनी तिच्यावर गंभीर प्रश्न उपस्थित केले आहेत. २०११ मध्ये बेंजामिन द कार्व्हाल्यो, हाल्वार्ड लाइरा व जॉन हॉब्सन यांनी १९१९ चा जन्मदिवस ही एक दंतकथा असल्याचे प्रतिपादन केले. त्याआधीच्या दशकांत या विषयावर भरपूर लेखन झाले होते आणि त्यातील मोठा भाग साम्राज्यांच्या कारभाराशी व वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांशी निगडित होता. रॉबर्ट व्हिटालिस यांनी २०१५ च्या ग्रंथात अमेरिकेतील विषयाचा उगमही वंशभेदाच्या प्रश्नाशी जोडून दाखवला. ‘आदर्शवादी विरुद्ध वास्तववादी’ हा दोन युद्धांमधील महावादही पुष्कळ अंशी मागाहून रचलेला आहे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

भारतीय वाचकाला यासाठी फार लांब जावे लागत नाही. वेल्समध्ये शांततेचे अध्यासन स्थापन झाले त्याच वर्षी रौलट कायदा लागू झाला व अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पॅरिसच्या शांतता परिषदेत भारताच्या वतीने बिकानेरचे महाराज गंगासिंह व सत्येंद्रप्रसन्न सिन्हा भारतमंत्री माँटेग्यू यांच्यासह उपस्थित होते. व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने सही झाली आणि पारतंत्र्यात असूनही भारत राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य झाला. राष्ट्रांच्या समानतेविषयी झिमर्न जे लिहीत होते, त्यात ब्रिटिश साम्राज्याला राष्ट्रकुलाचे नवे रूप देण्याची कल्पना होती. त्या साम्राज्यातील प्रजेचे मत मात्र त्यात क्वचितच ऐकू येते. विभागाची २०१९ मध्ये शताब्दी झाली, तेव्हा विषयाच्या उगमाची ही चर्चा ऐन भरात होती. वसाहतोत्तर राजकारण आज विभागातील अध्यापनाचा भाग आहे.

भारतीय विद्यार्थी

भारतात या विषयाची पहिली मोठी संस्था १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये निघालेली इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज. ती १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला प्रदेशतज्ज्ञ हवे होते, म्हणून तेथे रशिया, चीन, पश्चिम आशिया अशा प्रदेशांच्या अभ्यासावर भर राहिला. ॲबरिस्टविथचा भर सिद्धांत आणि सुरक्षा यांवर आहे. पुढील शिक्षणाची निवड करताना हा फरक क्रमवारीतील आकड्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा असतो. चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याची अट असते. राष्ट्रकुल शिष्यवृत्त्याही भारतीयांना खुल्या आहेत. एका वर्षात वर्ग, प्रबंध आणि नोकरीचा शोध एकाच वेळी चालतो. त्यामुळे तीन वर्षांच्या पदवीच्या विद्यार्थ्याला जे उपक्रम सावकाश अनुभवता येतात, त्यांतील एखाददुसराच पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. क्रायसिस गेम्स शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सत्रात होत असल्याने नवागत विद्यार्थ्याने नावनोंदणीची चौकशी आल्याआल्याच केलेली बरी.